चेंबर फुटलं भाड्याच्या गाडीचं, भरपाई कोणी द्यायची?

प्रश्न : चार दिवसांसाठी ॲपवरून सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतली होती. बुकिंगच्या वेळी ‘डॅमेज प्रोटेक्शन’चे जादा पैसे भरले, ‘तुमची जबाबदारी फक्त 5,000 रुपये’ असं तिथे लिहिलं होतं. रात्री काम चालू असलेल्या रस्त्यावर गाडी खालून दगडावर आदळली आणि चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) फुटलं. दोनेक किलोमीटर पुढे इंजिन बंद पडलं. आता कंपनी म्हणते, गाडीच्या खालच्या भागाला संरक्षण नाही. दुरुस्तीचे 68,000 आणि गाडी बारा दिवस उभी राहिली म्हणून भाड्याचे 26,400 मागितलेत. 10,000 डिपॉझिटही अडवलंय. गाडीला विमा आहे, मीही घेतला होता. मग मी का भरू?

उत्तर : तूर्त काहीही भरू नका आणि ‘नुकसान मान्य आहे’ असं मेसेजमध्येसुद्धा लिहून देऊ नका.

आधी एक गैरसमज दूर करतो. जादा पैसे भरून तुम्ही जे घेतलंत, तो बहुतेक वेळा विमा नसतो. ‘गाडीचं नुकसान झालं तर तुमच्याकडून अमुक रकमेपेक्षा जास्त घेणार नाही’ असं भाड्याने देणाऱ्या कंपनीने तुम्हाला दिलेलं ते वचन असतं. टायर, काच, गाडीचा खालचा भाग, दारू पिऊन चालवणं, करारात नाव नसलेल्या माणसाने चालवणं हे सगळं त्यातून सहसा वगळलेलं असतं. तुम्ही विमाधारक नसल्यामुळे विमा लोकपालाकडे जाऊन उपयोग होणार नाही. तुमचं भांडण कराराचं आणि ग्राहक हक्काचं आहे.

खरा विमा गाडीच्या मालकाच्या नावावर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो समोरच्या माणसासाठी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मालकाने करायचा असतो. चालवणाऱ्याला इजा झाली तर काय, हे मात्र कोणीच विचारत नाही. दुसऱ्याची गाडी घेऊन चालवणारा मालकाच्या जागी येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रामखिलाडी खटल्यात म्हटलंय. म्हणजे थर्ड पार्टी विम्यातून त्याला स्वतःसाठी भरपाई मागता येत नाही. पुढच्या वेळी गाडी घेताना स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा आहे ना, हे नक्की बघा.

आता तुमच्या प्रकरणातला कळीचा प्रश्न : कंपनीने तिच्या विमा कंपनीकडे दावा केला का, आणि किती मिळाले? पॉलिसी, सर्व्हेअरचा (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याचा) अहवाल आणि गॅरेजचं मूळ बिल लेखी मागा. विम्यातून मिळालेली रक्कम तुमच्याकडून पुन्हा वसूल करून खिशात घालण्याचा हक्क कंपनीला नाही. तुम्ही निष्काळजी होतात असं दाखवून विमा कंपनी स्वतः वसुलीला येऊ शकते, पण तो वेगळा रस्ता झाला आणि निष्काळजीपणा तिने सिद्ध करावा लागेल.

गाडीची नंबर प्लेट आठवते का? सेल्फ-ड्राइव्हसाठी नोंदलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. पांढरी पाटी असेल तर गाडी खासगी, आणि खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. त्या कारणाने दावा फेटाळला गेला असेल तर तो भार तुमच्यावर टाकता येणार नाही. गाडी भाड्याने लावली त्यांनी. शिवाय अशा प्रकरणात दावा सरसकट फेटाळता येणार नाही असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये (अमलेंदू साहू खटला) विमा कंपनीला दाव्यातली काही रक्कम द्यायला लावली होती. म्हणजे ‘दावा फेटाळला’ एवढ्यावर विषय संपत नाही.

तुमची कमजोर बाजूही सांगायला हवी. चेंबर फुटणं हा अपघात. पण ऑइल गळत असताना गाडी पुढे नेल्याने इंजिन गेलं असेल, तर ते नुकसान विमा कंपन्याही वेगळं काढतात. त्या दोन किलोमीटरमध्ये डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला होता का? लागला असेल तर निदान स्वतःच्या वकिलाशी तरी खरं बोला. काहीही असो, 68,000 मध्ये चेंबरचे किती आणि इंजिनाचे किती, हे गॅरेजकडून फोडून घ्याच.

बारा दिवसांच्या भाड्याची मागणी मला सर्वांत पोकळ वाटते. करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात दंडाचा आकडा आधीच लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईच मिळते. गाडी गॅरेजला कधी पोचली, सर्व्हेअर कधी आला, पार्ट कधी मिळाला, आणि ते बारा दिवस तिला खरंच गिऱ्हाईक होतं का? सर्व्हेला लागलेल्या दिरंगाईचं भाडं तुम्ही का द्यावं?

बुकिंगच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. ‘फक्त 5,000’ ठळक आणि ‘खालचा भाग वगळून’ कुठेतरी तळाशी, असं असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार होऊ शकते. आधी कंपनीला लेखी नोटीस द्या, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची आहे आणि एवढ्या रकमेच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. करारात लवादाचं (वाद खासगी पंचाकडे नेण्याचं) कलम असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच स्पष्ट केलंय.

कंपनीने सगळा हिशेब दाखवला, तर चेंबरपुरत्या रकमेवर डिपॉझिट वळतं करून तडजोड करायला हरकत नाही. इंजिनाच्या रकमेवर मात्र सर्व्हेअरचा अहवाल हातात आल्याशिवाय सही करू नका.