पानशेतच्या जलाशयातील जुन्या डिझेल मोटरबोटीचे इंजिन पावसाळ्यानंतर तापते आणि मध्येच बंद पडते, काय तपासावे?

प्रथम इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट तपासावी. तळाचा पाणी घेणारा व्हॉल्व्ह बंद करून गाळणीतील गाळ काढावा. पंपातील रबरी इम्पेलरचे (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचे) एखादे पाते तुटलेले आढळले, तर नुसता नवा इम्पेलर बसवून भागत नाही, कारण तो तुकडा बहुधा पुढे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला असतो आणि तो शोधून काढावाच लागतो. मध्येच बंद पडण्यामागे डिझेलमधील पाण्याचा संशय घ्यावा: अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्प साचते, त्या पाण्यात जंतू वाढून काळपट, चिकट साका तयार होतो आणि फिल्टर तुंबतो. सेपरेटरच्या (डिझेलमधील पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याच्या) तळातून पाणी सोडावे, फिल्टर बदलून इंधनवाहिनीतील हवा काढावी. पुण्यात डिझेल इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे फिल्टर मिळूही शकेल, मात्र मायक्रॉनचा आकडा, म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो ते माप, जुळवूनच घ्यावा.