सही कुणाची लागते?

“ताई, मालकांची सही नसंल तर करत्यात का?”

खुर्चीत धड टेकायच्या आधीच तिनं हे विचारलं. कडेवर दहा महिन्यांची मुलगी, हातात वायरची पिशवी. दाढ दुखतेय असं सासूबाईंना सांगून ती वडापनं आली होती आणि तीनच्या आत परत पोचायचं होतं.

सातारा जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करताना, गर्भपाताला सही कुणाची लागते, हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की तो कोणत्या शब्दांत येईल एवढंच बदलतं. एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी विचारते, “आईबाबांची सही लागते का?” घटस्फोटाची केस चालू असलेली शिक्षिका विचारते, “वकिलाचं पत्र आणू का?” हिची गोष्ट लिहितेय कारण या एका सहीपायी तिचे पाच आठवडे वाया गेले. तिची परवानगी घेतली आहे. नाव बदललंय, तिला सुनंदा म्हणू.

सुनंदा 27 वर्षांची, पदरी दोन मुली. नवरा नवी मुंबईत माथाडी कामगार, सणावाराला गावी येणारा. मी सगळ्यात आधी जे विचारते ते विचारलं, “हे तू ठरवलंयस की कुणी ठरवायला लावलंय?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला न्हाई ठेवायचं. माज्यात जीवच राह्यला न्हाई. धाकटी अजून अंगावर पितीया.” मूल ठेवलं तर काय मदत मिळू शकते तेही मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिचं ठरलं होतं.

शेवटची पाळी कधी आली, हे तिला तारखेनं सांगता येईना. बाळंतपणानंतर पाळी एकदाच आली होती. अंगावर पाजतंय तोवर दिवस जात नाहीत, असं तिला जाऊबाईंनी सांगितलेलं. हे अर्धंच खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, निव्वळ आईच्या दुधावर आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तेव्हाच त्याचा भरवसा धरता येतो. हिच्या बाबतीत तिन्ही सुटल्या होत्या.

“एवढी एकच पाळी आली, ती कुठल्या सणाला आठवते का?”

तिचा चेहरा उजळला. “गवरी आल्या त्याच दिवशी आली की. म्हनून मला गवरीला हात लावू दिला न्हाई. मी पडवीतनं बगत होते.”

भिंतीवरचं कालनिर्णय मी काढून टेबलावर पसरलं. गौरी आवाहनाच्या दिवसावर पेन्सिल टेकवली आणि दोघी मिळून आठवडे मोजत आलो. पितृपक्षात नवरा म्हाळाला आला होता, मग नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार दुसऱ्या दिवशी होता. बारा आठवडे आणि वर तीन दिवस. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. ही दोन आठवड्यांची गफलत भल्या शिकलेल्या मुलीही करतात.

दिवाळीच्या रकान्यावर तिनं बोट ठेवलं. “इथंच मला कळलं हुतं.”

भाऊबीजेला ती माहेरी गेली होती. वहिनीनं मेडिकलमधून पट्टी आणून दिली, दोन रेघा आल्या. दुसऱ्याच दिवशी दोघी तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात गेल्या. काउंटरवरच्या बाईनं डॉक्टरांना आत विचारून येऊन सांगितलं, “नवऱ्याला घेऊन या, त्यांची सही लागते. आणि अठरा हजार भरावे लागतील.” तेव्हा सुनंदाला आठ आठवडेही पूर्ण झाले नव्हते. नवरा दिवाळीला घरीच होता. तिनं विषय काढला, तर म्हणाला, “आईला विचारू, या वक्ताला मुलगा असंल.” आणि सुट्टी संपवून गेला. मारणारा-झोडणारा माणूस नाही तो. पण “बघू” म्हणणाऱ्या माणसापायीही आठवडे जातात. ती त्याच्या होकाराची वाट बघत राहिली, कारण सहीशिवाय होत नाही असं तिला डॉक्टरांच्या दारातच सांगितलं होतं.

अशी सही लागत नाही. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात 18 वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती लागते, फक्त तिची. नवरा, वडील, सासू कुणाचीही नाही. त्या संमतीचा ‘फॉर्म सी’ एका पानाचा असतो आणि त्यावर नवऱ्याच्या सहीसाठी जागाच नाही. पालकाची सही लागते ती मुलगी 18 च्या आतली असेल किंवा बाईला मानसिक आजार असेल तरच. काही दवाखाने स्वतःच्या बचावासाठी नवऱ्याची सही मागतात. उद्या त्यानं येऊन तमाशा करू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. त्यांची भीती मला समजते. पण त्या भीतीची किंमत बाईनं का मोजायची?

आणि किंमत खरीच मोजावी लागते. 2021 च्या नियमांनुसार 9 आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या या गोळ्यांचं पाकीट काही शे रुपयांचं असतं. भाऊबीजेच्या आठवड्यात सुनंदा त्या मुदतीत बसत होती. आता तिला भूल, टेबल आणि रात्रभराचा मुक्काम लागणार होता.

(गोळ्या परस्पर मेडिकलमधून आणून घेऊ नका, हे इथंच सांगते. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी काही होत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं.)

तिच्या मनात दुसरी भीती होती ती आणखी खोल. त्या दवाखान्याच्या भिंतीवर तिनं बोर्ड वाचला होता. चौथीतल्या मुलीसारखा तिनं तो मला म्हणून दाखवला, “येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.” तिच्या डोक्यात ‘गर्भ’ आणि ‘गुन्हा’ हे दोनच शब्द राहिले होते. “दोन पोरी हायत मला. तिसऱ्यांदा पाडते म्हणल्यावर पोलीस म्हणतील, पोरगी म्हणून पाडली.”

हा गोंधळ आपल्या महाराष्ट्राचा खास आहे आणि तो उगीच झालेला नाही. लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी आपण केला, 1988 साली. केंद्राचा 1994 मध्ये आला. 2012 मध्ये बीड जिल्ह्यात परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघड झाल्यावर यंत्रणा कडक झाली, ते व्हायलाच हवं होतं. पण त्या धाकात डॉक्टर आणि औषधवाले गर्भपाताच्याच नावानं बिचकायला लागले. लिंग तपासणं आणि त्यावरून गर्भ पाडणं गुन्हा आहे. गर्भपात करून घेणं, कायद्याच्या चौकटीत, गुन्हा नाही. ज्या समितीच्या अहवालावरून 1971 चा कायदा झाला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा समिती नेमली तेव्हा आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री होते. लपूनछपून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, म्हणून तो कायदा आला.

चौकट मात्र आहे आणि ती मी कुणापासून लपवत नाही. मागितला की मिळाला, असा हा हक्क आपल्याकडे नाही. चौकटीबाहेर केलेला गर्भपात भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 खाली आजही गुन्हाच आहे. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, की हे बाळंतपण बाईच्या शरीराला किंवा मनाला धोक्याचं आहे. तिची घरची परिस्थिती डॉक्टर विचारात घेऊ शकतात. संततिनियमनाचं साधन फसलं असेल तर मनावर आघात झाला असं कायदाच धरून चालतो, आणि 2021 पासून त्यासाठी लग्न झालेलं असण्याची अट राहिलेली नाही. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ठरावीक कारणंच चालतात, जसं बलात्कार, अल्पवयीन मुलगी, चालू गर्भारपणात वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, गर्भातलं गंभीर व्यंग. नात्यात राहून दिवस गेलेल्या अविवाहित मुलींनाही या मुदतीतून वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 ला स्पष्ट केलं. 24 च्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. 2008 मध्ये मुंबईतलं एक दांपत्य याच कारणासाठी उच्च न्यायालयात गेलं होतं आणि त्यांना नकार मिळाला. तेव्हा मर्यादा 20 आठवड्यांची होती.

18 च्या आतल्या मुलींबाबत आयांचे फोन येतात म्हणून एक सांगते. तिथं मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. पण मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव न कळवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच 2022 च्या निकालानं दिली आहे. त्या धास्तीनं मुलीला भोंदूकडे नेऊ नका.

सुनंदाला यातलं सगळं सांगितलं नाही. तिला तीन वाजायच्या आत घरी जायचं होतं. तिला एवढंच सांगितलं, सही तुझी. कुणाला कळणार नाही, कारण डॉक्टरांनी नाव बाहेर सांगितलं तर त्यांना एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि पैसे लागणार नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत आहेत.

पैशाचं ऐकून तिनं पिशवीतून रुमालाची गाठ काढली. लाडक्या बहिणीचे साठवलेले तीन हजार त्यात होते. खात्याला मोबाइल नंबर नवऱ्याचा, पैसे काढले की मेसेज त्याला जातो. म्हणून दर महिन्याला किराण्याच्या नावाखाली थोडे थोडे बाजूला काढले होते. “एवढ्यात भागंल का, हे बगायला आले हुते.” ती गाठ मी तिला परत बांधायला लावली. त्यातले गाडीभाड्याला काही गेले, बाकीचे तिच्याकडेच राहिले.

मोफत असलं तरी सरकारी दवाखान्यात पोचणं सोपं नसतं. गावच्या आशाताई तिच्या चुलत सासूबाई, तो रस्ता बंद. बारा आठवड्यांच्या पुढची सोय सगळीकडे नसते. मी तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी डॉक्टर रजेवर, दुसरीकडे भूल देणारे डॉक्टर फक्त मंगळवारी-शुक्रवारी. तिसरीकडे एक सिस्टर म्हणाल्या, “दोन मुली आहेत ना? मग कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेणार असेल तरच पाठवा.” मला राग आला, आजही येतो. अशी अट घालायचा अधिकार कुणालाही नाही.

शुक्रवार ठरला. बहिणीकडे दोन दिवस जाते असं सांगून ती निघाली, आणि बहीण खरोखरच सोबत आली. सोनोग्राफीत 12 आठवडे 6 दिवस निघाले, आमचं गौरीचं गणित एकाच दिवसानं चुकलं होतं. रक्तगट तपासला. तो निगेटिव्ह असता तर अँटी-डीचं इंजेक्शन लागलं असतं. पिशवीचं तोंड मऊ करायचं औषध दिलं, मग भूल देऊन सक्शन. शनिवारी दुपारी सुट्टी.

त्याआधी फॉर्म सी पुढे आला, तेव्हा मी शेजारी होते. तिनं पेन हातात घेतलं आणि रेघेवर न टेकवता विचारलं, “इथं फकस्त माजंच नाव?” मग एकेक अक्षर कोरत आडनावासकट लिहिलं. शाई वाळेपर्यंत कागद सोडला नाही.

तांबी नको म्हणाली, सासूबाईंच्या कानावर जाईल म्हणून. तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि दंडावर काही दिसत नाही, पाजणाऱ्या आईलाही चालतं. तिनं ते घेतलं.

डिस्चार्ज कार्ड घरी नेता येईना, म्हणून ते माझ्याकडे ठेवलं. फाल्गुनात ती दुसऱ्या इंजेक्शनला आली. धाकटी आता धरून उभी राहत होती. पुढची तारीख लिहून देऊ का, असं मी विचारलं, तर म्हणाली, “नगं. घरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशोबात टिंब देते मी. कुनाला कळत न्हाई ते.”