वाचकांचे प्रश्न : चहा स्वस्त होणार होता, तरी बोस्टनकर का चिडले?

प्रश्न : १७७३ च्या चहा कायद्यामुळे अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत चहा स्वस्त होणार होता, असे नुकतेच वाचनात आले. ‘जाचक करामुळे बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला’ असे मी मात्र अनेक वर्षे वर्गात शिकवत आले आहे. यांतले खरे काय? एवढ्याशा करावरून १३ वसाहती राज्यापासून तुटल्या कशा? आणि आपल्या इतिहासाशी याचा काही धागा जुळतो का?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : तुमच्या वाचनात आले ते खरे आहे. १७७३ च्या कायद्याने नवा कर बसवला नव्हता. एका पौंड चहामागे ३ पेन्सचा कर १७६७ पासूनच चालू होता. कर्जात बुडालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड चहा पडून होता. तो लंडनच्या लिलावात न विकता थेट अमेरिकेत पाठवण्याची मुभा आणि इंग्लंडमध्ये भरलेली जकात परत मिळण्याची सोय या कायद्याने कंपनीला दिली. त्यामुळे डचांकडून चोरट्या मार्गाने येणाऱ्या चहाशी तिचा चहा भावात टक्कर देऊ शकणार होता.

मग राग कशाचा होता? त्यासाठी १७६३ पर्यंत मागे जावे लागते. सात वर्षांचे युद्ध संपले तेव्हा ब्रिटनचे कर्ज जवळपास दुप्पट झाले होते, आणि अमेरिकेत ठेवलेल्या सैन्याच्या खर्चाचा काही भार तेथील रहिवाशांनी उचलावा, असे लंडनच्या मंत्र्यांना वाटू लागले. ही अपेक्षा मुळातच अन्यायाची होती असे मला वाटत नाही. परंतु तोवर वसाहतीतले अंतर्गत कर तिथल्या निवडून आलेल्या प्रतिनिधिसभाच बसवत आल्या होत्या, आणि ब्रिटिश पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. म्हणूनच १७६५ च्या मुद्रांक कायद्याला एवढा कडवा विरोध झाला, की पुढच्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. तो मागे घेताना मात्र पार्लमेंटने, वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे कायद्यानेच जाहीर करून ठेवले. १७६७ मध्ये काच, शिसे, कागद, रंग आणि चहा यांवर कर आले. १७७० मध्ये बाकीचे उठवले गेले आणि त्या अधिकाराची खूण म्हणून चहावरचा तेवढा राहिला.

पाठ्यपुस्तकांतून सहसा निसटणारी गोष्ट अशी, की या कराच्या उत्पन्नातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांना पगार द्यावयाचा होता. पूर्वी हे पगार प्रतिनिधिसभा मंजूर करत, त्यामुळे गव्हर्नरला सभेचे ऐकावे लागे. बोस्टन ज्या वसाहतीत होते, त्या मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर टॉमस हचिन्सन याला १७७२ पासून राजाकडून पगार मिळू लागला आणि सभेच्या हातातला हा महत्त्वाचा लगाम सुटला. त्यातच बोस्टनमध्ये कंपनीचा चहा ज्या अडत्यांकडे येणार होता, त्यांत त्याचे दोन मुलगे होते. स्वस्त चहाच्या प्रत्येक पेटीबरोबर लोक हा कर निमूट मान्य करतील, ही भीती खरी होती. चोरट्या चहावर पैसा मिळवणाऱ्या व्यापाऱ्यांचा स्वार्थही विरोधात होता, हे नाकारता येणार नाही. पण फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सन यांनी त्याच वर्षी लिहिताना बंगालच्या दुष्काळाचा दाखला दिला होता : तिथे ज्या कंपनीने माणसे उपाशी मारली, तीच आता इकडे वळली आहे.

फिलाडेल्फियाला आलेले जहाज माल न उतरवताच परतले. बोस्टनमध्ये हचिन्सनने जकात भरल्याशिवाय जहाजांना बंदर सोडू दिले नाही, आणि जकात भरण्याची २० दिवसांची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबर १७७३ रोजी, ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

माझ्या मते फूट पडली ती चहामुळे नव्हे, तर त्याबद्दल दिलेल्या शिक्षेमुळे. १७७४ मध्ये भरपाई होईपर्यंत बोस्टनचे बंदर बंद झाले, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून तिथले सल्लागार मंडळ राजनियुक्त केले गेले आणि गावसभांवर बंधने आली. आज त्यांची सनद गेली, उद्या आपली जाईल, हे इतरांनी ओळखले आणि सप्टेंबरमध्ये १२ वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. तरीही त्यांची मागणी स्वातंत्र्याची नव्हती. एप्रिल १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैनिक आणि वसाहतवासी यांच्यात रक्त सांडल्यानंतरही, जुलैमध्ये, राजाकडे समेटाचा अर्ज गेला. राजा तिसऱ्या जॉर्जने मात्र ऑगस्टमध्ये वसाहतींनी बंड केले आहे, अशी घोषणा काढली. हा शेवटचा आधार तुटल्यावर, २ जुलै १७७६ रोजी, विभक्त होण्याचा ठराव झाला आणि ४ जुलैला जाहीरनामा स्वीकारला गेला. त्यातली समता गुलामगिरीत असलेल्या, लोकसंख्येच्या सुमारे एक पंचमांश माणसांपर्यंत पोहोचली नाही, हेही मुलांना अवश्य सांगावे.

आपल्याशी धागा जुळतो तो याच कंपनीच्या दिवाळखोरीतून. तिला सावरताना पार्लमेंटने १७७३ मध्येच नियामक कायदा करून मुंबईच्या इंग्रजांना युद्ध आणि तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या देखरेखीखाली आणले. मुंबईकरांनी १७७५ मध्ये रघुनाथरावाशी सुरतेस परस्पर केलेला तह कलकत्त्याने अमान्य केला आणि १७७६ मध्ये पुरंदरला पुणे दरबाराशी नवा तह केला, तो याच अधिकाराच्या जोरावर.