तेलाच्या पैशातलं समाजशास्त्र

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, मी कोल्हापूरला समाजशास्त्रात एम. ए. करते. माझे दोन मामा सौदीला आहेत, म्हणून प्रबंधासाठी आखाती समाज हा विषय घ्यावा असं मनात आहे. पण विभागात ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘तिकडे पैसा आहे, विद्या नाही. जे काही लिहिलंय ते गोऱ्यांनी लिहिलंय.’ हे खरं आहे का? वाचायला सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : खरं नाही. विषय घे, आणि हे वाक्य मनातून काढून टाकूनच कामाला लाग.

सुरुवात परक्यांनी केली, एवढं मात्र मान्य करायला हवं. सौदी अरेबियात अराम्को या तेल कंपनीनं स्वतःचा संशोधन विभागच उघडला होता. त्या विभागातल्या फेडेरिको विदाल या मानववंशशास्त्रज्ञाचा अल-हसा या खजुरांच्या प्रदेशावरचा अभ्यास 1955 साली कंपनीनंच छापला. जमीन कोणाची, पाणी कोणाचं, कामाला माणसं कुठल्या गावातून येतील, हे कंपनीला धंद्यासाठी कळायला हवं होतं. अशा अभ्यासात माहिती भरपूर मिळते, पण प्रश्न कंपनीचे असतात. तो वाचताना हे लक्षात ठेव.

स्वतःचे प्रश्न स्वतः विचारायला आधी कुवेतनं सुरुवात केली, आणि त्याला कारणं होती. 1962 ची राज्यघटना, 1963 ची निवडून आलेली संसद, बऱ्यापैकी मोकळी वर्तमानपत्रं. 1957 च्या पहिल्या जनगणनेत तिथे सुमारे दोन लाख सहा हजार माणसं मोजली गेली आणि त्यातली निम्म्याच्या आसपास बाहेरची निघाली. 1965 च्या गणनेत तर मूळचे कुवेती स्वतःच्या देशात अल्पसंख्य झाले होते. आठ वर्षांत समाज असा बदलला की अभ्यासाला विषय शोधायला लांब जावं लागत नाही. 1966 ला विद्यापीठ निघालं, 1973 ला विद्यापीठाचं सामाजिक शास्त्रांचं नियतकालिक आणि 1975 ला आखात व अरबी द्वीपकल्पाच्या अभ्यासाला वाहिलेलं दुसरं. मधल्या काळात, 1973-74 च्या हिवाळ्यात, तेलाचा भाव चौपट झाला होता. त्या पैशातला काही भाग पुस्तकांकडेही वळला. 1978 पासून सरकारी सांस्कृतिक परिषदेनं ‘आलम अल-मारिफा’ ही मालिका सुरू केली : दर महिन्याला एक गंभीर पुस्तक, किंमत विद्यार्थ्यालाही परवडेल अशी, आणि वाचक मोरोक्कोपासून इराकपर्यंत. आपल्या भाषेत असं काही चालावं असं मला आजही वाटतं.

ही पुस्तकं कोण लिहीत होतं, कोण शिकवत होतं? बरेचसे इजिप्शियन आणि पॅलेस्टिनी. 1980 च्या दशकात आम्ही कुवेतमधल्या सालमियाला राहत होतो. मी तिथल्या एका भारतीय शाळेत शिकवत असे. आमच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी गृहस्थ होते, संख्याशास्त्राचे प्राध्यापक. मला अरबी वाचायला त्यांनी शिकवलं, ‘अल-अरबी’ मासिकाचे अंक पुढ्यात ठेवून, संध्याकाळी, गॅलरीत. नमुना कसा निवडायचा, उत्तर देणारा घाबरलाय हे कसं ओळखायचं, हे ते कुवेती मुलांना वर्गात शिकवत आणि मला चहाबरोबर. ज्या समाजाच्या पाहण्या ते आखून देत त्या समाजात त्यांना मत नव्हतं, घर विकत घेता येत नव्हतं, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मात्र वेळेवर नवा करावा लागे. मग ऑगस्ट 1990 मध्ये इराकी फौजा शिरल्या. आम्ही इतर हजारो भारतीयांसारखे अम्मानमार्गे मुंबईला आलो. विद्यापीठातली यंत्रं, पुस्तकं लुटून नेली गेली. आणि कुवेत मुक्त झाल्यावर पॅलेस्टिनी नेतृत्वानं सद्दामची बाजू घेतल्याचा राग तिथल्या सामान्य पॅलेस्टिन्यांवर निघाला. युद्धापूर्वी चार लाखांच्या घरात असलेला तो समाज वीस-तीस हजारांवर आला. आमच्या शेजाऱ्यांचं कुटुंब अम्मानला गेलं ते गेलंच. एका विद्यापीठानं कमावलेली शिकवण्याची परंपरा अशी एका वर्षात उखडली जाते. आखातातल्या सामाजिक शास्त्रांचा इतिहास लिहिताना हे पान कोणी गाळू नये.

आता तुझा मूळ प्रश्न, वाचायचं काय. मुहम्मद अल-रुमैही या समाजशास्त्रज्ञापासून सुरुवात कर. त्यांच्या 1983 च्या पुस्तकाचं नावच ‘आखात म्हणजे तेल नव्हे’ असं आहे. तेलाआधी तिथे मोत्यांचा धंदा होता. पाणबुड्यांनी हंगामापूर्वी नाखव्याकडून उचल घ्यायची, हंगामात फेडायची, फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच होडीवर. मोती विकायला मुंबईला यायचे, म्हणून या कहाणीचं एक टोक आपल्याकडेही आहे. जपानी कृत्रिम मोती आले, 1929 ची मंदी आली, धंदा बसला. तेल आलं ते अशा कर्जबाजारी किनाऱ्यावर. हे समजून न घेता जो आखाताकडे बघतो त्याला फक्त उंच इमारती दिसतात.

त्यानंतर खलदून अल-नकीब. कुवेत विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ, 2011 मध्ये गेले. माझ्या मते या सगळ्या परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव. आखातातल्या समाज आणि राज्यसंस्थेवरचं त्यांचं पुस्तक 1987 चं, बैरुतच्या अरब एकता अभ्यास केंद्रानं काढलेलं. इंग्रजीत ते 1990 ला आलं. गंमत अशी की त्याच 1987 साली हाझेम बेब्लावी आणि जियाकोमो लुचियानी यांनी संपादित केलेला ग्रंथ जगभर गाजला. त्यांचं म्हणणं : ज्या सरकारला जमिनीतून आयता पैसा मिळतो त्याला कर गोळा करावा लागत नाही, आणि जो कर देत नाही तो हिशेबही मागत नाही. जगातल्या प्रत्येक अभ्यासक्रमात आज हेच शिकवतात. अल-नकीब त्याच्या पुढे गेले. पैसा वाटायचा तर कोणामार्फत, हे त्यांनी विचारलं, आणि उत्तर दिलं : टोळ्यांमार्फत, म्हणजे अरबी कबिल्यांमार्फत. टोळी हा जुन्या वाळवंटाचा उरलेला अवशेष आहे असं आपण समजतो. ते म्हणाले, आजची राजकीय टोळी आधुनिक राज्यानं पोसलेली आहे. नोकऱ्या, घरं, सवलती तिच्या वाटेनं जातात म्हणून ती बळकट आहे. आपल्याकडे निवडणुकीत जात जशी नव्यानं घट्ट होते, तसंच काहीसं. कुवेतमध्ये टोळ्या मतदानाआधी आपापसात वेगळी निवड घेऊन उमेदवार ठरवत. 1998 च्या कायद्यानं त्यावर बंदी आली, तरी प्रथा पुरती थांबली नाही. स्वतःच्या समाजाबद्दल, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्याच शहरात बसून असं लिहायला धैर्य लागतं. ‘तिकडे विद्या नाही’ म्हणणाऱ्यांनी अल-नकीब वाचलेले नाहीत, एवढंच मी म्हणेन.

बायकांचं काम वेगळं वाच. सुराया अल-तुर्की यांनी जेद्दाच्या श्रीमंत घरांतल्या बायकांचा अभ्यास केला, तो 1986 ला आला. त्या दिवाणखान्यांत कुठलाही परदेशी पुरुष संशोधक कधी बसू शकला नसता. हतून अल-फासी या इतिहासकार; त्यांनी इस्लामपूर्व नबातियन समाजातल्या स्त्रियांवर लिहिलं, शिवाय सौदीत स्त्रियांच्या हक्कांसाठी उघड बोलल्या. 2018 मध्ये त्यांना अटक झाली, पुढच्या वर्षी सुटका. हेही अभ्यासाचाच भाग समज.


प्रश्न : मी दोह्याला बांधकामावर अकरा वर्षं काढून आता गावी आलोय. एकदा आमच्या कॅम्पात काही माणसं फॉर्म घेऊन आली. हिंदीत विचारत होती, पगार वेळेवर मिळतो का, पासपोर्ट कोणाकडे, खोलीत किती जण. फोरमननं आधीच बजावलं होतं, सगळं ठीक आहे म्हणून सांगा. मी तसंच सांगितलं. अशा चौकशीचा काही उपयोग असतो का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : असतो. तुमच्यासारख्यांनी दिलेली उत्तरं नीट मोजली गेली आहेत, आणि ती जगासमोर आलीही आहेत.

कतार विद्यापीठात 2008 साली सामाजिक आणि आर्थिक पाहणीची एक संस्था उभी राहिली. अशा पाहणीत सगळ्यात अवघड काम म्हणजे कोणाला विचारायचं ते ठरवणं. आपल्याकडे मतदार यादी असते. तिथे बहुतांश माणसं मतदारच नाहीत. म्हणून या संस्थेनं घरांच्या पाहणीसाठी वीज-पाणी कंपनीच्या जोडण्यांची यादी धरली : जिथे मीटर आहे तिथे कोणीतरी राहतं. कामगारांच्या कॅम्पांसाठी वेगळी आखणी लागते, कारण एका मीटरमागे तिथे शेकडो माणसं असतात.

2013 मध्ये एक अभ्यास छापून आला. लिहिणाऱ्यांत अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ अँड्र्यू गार्डनर होते, या संस्थेचे लोक होते आणि कतारी समाजशास्त्रज्ञ कल्थम अल-घानिमही होत्या. कमी पगाराच्या हजाराहून अधिक परदेशी कामगारांना विचारलं होतं. सुमारे नव्वद टक्क्यांचे पासपोर्ट मालकाकडे होते. कफिलानं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकानं, पासपोर्ट अडकवून ठेवू नये असा कायदा तिथे 2009 पासूनच आहे! कायदा कागदावर आणि पासपोर्ट कपाटात, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण आकडा छापून आला की मंत्रालयालाही ते नाकारता येत नाही. 2020 मध्ये कतारनं नोकरी बदलताना जुन्या मालकाची परवानगी लागण्याची अट काढली, 2021 पासून महिना हजार रियाल किमान वेतन लागू केलं. फुटबॉलच्या विश्वचषकामुळे जगाचं लक्ष होतं, कामगार संघटनांचा रेटा होता. पण रेटायला हातात पुरावा लागतो, आणि तो असल्याच फॉर्मांतून येतो.

तुम्ही ‘सगळं ठीक’ म्हणालात याचं मनाला लावून घेऊ नका. समोरचा कोण आहे, कोणत्या देशाचा आहे, दारात फोरमन उभा आहे का, यावर उत्तर बदलतं हे या लोकांना माहीत असतं. तिथल्या अभ्यासकांनी नेमका याचाच अभ्यास केला आहे. पुन्हा कोणी गावात येऊन विचारलं तर मात्र मोकळेपणानं सांगा. गावात फोरमन नाही.


प्रश्न : मी पुण्यात पीएच.डी. करतो. कोकणातल्या कामगारांवर काम आहे. टुरिस्ट व्हिसावर दुबई-अबुधाबीला जाऊन मुलाखती घेतल्या तर चालेल ना? शिवाय तिकडे आता न्यूयॉर्क, जॉर्जटाउन अशी मोठी विद्यापीठं आहेत, म्हणजे वातावरण मोकळं असणार.
— एक संशोधक

उत्तर : नको. स्पष्ट सांगते, असं जाऊ नका.

जॉर्जटाउन 2005 पासून दोह्यात आहे, न्यूयॉर्क विद्यापीठ 2010 पासून अबुधाबीत. वर्गखोल्या सुंदर, ग्रंथालयं भरलेली, आणि तिथे उत्तम काम होतंय हेही खरं. पण त्याच न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अँड्र्यू रॉस अबुधाबीतल्या कामगारांच्या स्थितीवर बोलत होते, आणि 2015 मध्ये त्यांना तिकडे जाणाऱ्या विमानात चढू दिलं नाही. 2018 मध्ये मॅथ्यू हेजेस हा ब्रिटिश पीएच.डी. विद्यार्थी दुबई विमानतळावर पकडला गेला. हेरगिरीचा आरोप, जन्मठेप, आणि काही दिवसांत माफी. त्याच्यामागे त्याचं सरकार उभं होतं. तुमच्याशी बोलल्यामुळे नोकरी गेली तर त्या कामगाराच्या मागे कोण उभं राहील?

काम रत्नागिरीतून सुरू करा. केरळमध्ये 1998 पासून तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजनं स्थलांतराची पाहणी सातत्यानं केली, के. सी. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांची नावं त्याशी जोडलेली आहेत. या पाहणीसाठी ते आखातात नाही, केरळातल्या घरोघरी गेले : कोण गेलं, किती पाठवतं, परत आल्यावर काय करतं. आज आखाती स्थलांतरावर जगात कुठेही लिहायचं तर केरळचे आकडे घ्यावे लागतात. दापोली, खेड, मंडणगड, राजापूर इथल्या घरांची तशी पाहणी व्हायला हवी, आणि ती तुमच्यासारख्यानं करायला हवी. तुमच्या यादीतलं पहिलं नाव याच अंकात वर आहे, दापोलीच्या वाचकाचं. संपादकांमार्फत त्यांना पत्र टाका.

आखातातले आकडे हवेत तर गल्फ रिसर्च सेंटर आणि फ्लॉरेन्सच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटनं मिळून चालवलेला आखाती श्रमबाजार आणि स्थलांतराचा प्रकल्प बघा. सहाही देशांचे आकडे एका ठिकाणी, कुठून घेतले ते सांगून ठेवलेले आहेत.

आणि अरबी शिका, तुम्ही आणि कोल्हापूरची विद्यार्थिनी, दोघंही. सारी हनफी या बैरुतच्या समाजशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये एक दुखणं नेमकं मांडलं : अरब संशोधक इंग्रजीत लिहितो तेव्हा जगाला कळतो पण घरी त्याला कोणी वाचत नाही, अरबीत लिहितो तेव्हा घरी वाचला जातो आणि जगाला तो नसतोच. जे अरबीत आहे ते आपण वाचलं नाही, तर कोल्हापूरच्या विभागातलं ते वाक्य आपणच खरं करून दाखवू. दोह्यातली 2015 ला सुरू झालेली पदव्युत्तर संस्था, दोहा इन्स्टिट्यूट, सामाजिक शास्त्रं मुख्यतः अरबीतून शिकवते. लिपी यायला एक उन्हाळ्याची सुट्टी पुरते, मासिक वाचता यायला दोन-तीन वर्षं. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे, तिथे चौकशी करा.