बंबात गेलेली मोळी

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून निवृत्त हवालदारांचं पत्र आलं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढलेले गृहस्थ. मुलगा बेळगावात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, सायन्सला. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, ८८ टक्के होते. आता सहामाहीत फिजिक्स ७८, गणित ७४, केमिस्ट्री ३९, इंग्रजी ४६. फावल्या वेळात तो पुठ्ठ्याचे रणगाडे करतो आणि मित्राबरोबर दिवाणावर लढाईचा खेळ मांडतो. त्याला एनडीएत घालायचं आहे, क्लास बेळगावात लावू की पुण्याला पाठवू, असं वडील विचारतात.

हवालदारसाहेब, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली साडेतीन पानं क्लासबद्दल आहेत. मी मात्र तिसऱ्या पानाच्या तळाशी अडकले. तिथं तुम्ही लिहिलंय, "मागच्या महिन्यात त्याचा सगळा पसारा बंबात घातला, तेव्हापासून जरा अभ्यासाला बसतो." त्याच पानाच्या पाठीमागे दुसऱ्या अक्षरात, पेन्सिलीने, एक ओळ आहे. ती बहुतेक वहिनींची. "तेव्हापासून तो ह्यांच्याशी बोलत नाही." ती ओळ तुम्ही वाचली होती का, मला माहीत नाही. नसेल तर आता वाचा.

क्लासचं नंतर बघू. आधी त्या बंबात काय गेलं ते बघू.

त्याची वही तुम्ही पुरावा म्हणून सोबत पाठवलीत, हे फार बरं केलंत. तिच्यात एका वस्तूचं चित्र आणि मापं आहेत. ब्रिटिशांचा चर्चिल रणगाडा, पण नेहमीची तोफ काढलेला, आणि पुढे मोळी बांधलेली. ती मोळी त्याने खराट्याच्या हिरांची केली होती. त्या काड्या एका लांबीच्या कापून, दोऱ्याने तीन ठिकाणी आवळून. समासात लिहिलंय, "दोरा ओढला की मोळी पुढे पडली पाहिजे, नाहीतर उपयोग नाही." म्हणजे ती पडत होती. चार वेळा करून बघितल्यावर पडली, असं पुढच्या पानावर आहे.

ही मोळी त्याच्या मनची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९ ऑगस्ट १९४२ रोजी, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या दिएप्पच्या किनाऱ्यावर उतरलेले दोस्तांचे रणगाडे गोट्यांच्या वाळवंटात आणि समोरच्या अडथळ्यांपुढे अडकले. ते अडथळे सुरुंग लावून फोडायला निघालेले इंजिनिअर उघड्यावर होते, ते पोहोचायच्या आधीच मारले गेले. त्यातून एक शहाणपण निघालं की इंजिनिअरलाच चिलखतात बसवायचं. ब्रिटिश जनरल पर्सी होबार्ट यांच्या ७९व्या आर्मर्ड डिव्हिजनने अशा गाड्यांचा ताफाच उभा केला. एकीवर खंदकात टाकायला पुरुषापेक्षा जाड मोळी, एकीवर पूल, एक साखळ्या आपटत सुरुंग उडवत जाणारी, एक मऊ वाळूवर जाजम अंथरत जाणारी. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर या गाड्या उतरल्या. तुमच्या मुलाला हे सगळं पाठ आहे. त्याला हे कुणी घोकायला लावलेलं नाही.

आता वहीतलं ते पान, ज्यावर तुम्ही लाल पेनने "वेळेचा अपव्यय" असं लिहिलंय. मी ते तीनदा वाचलं, मग कागद घेऊन ताळा करून पाहिला.

खेळात एक पँथर रणगाडा चिखलात रुतला आहे. वजन ४५ टन. त्याला ओढायला बर्गेपँथर आली आहे. ही पँथरच्याच सांगाड्यावर केलेली जर्मन रिकव्हरी गाडी. तिचं विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, ४० टनाचं. पोराने नियम धरलाय, आणि तो खराच रिकव्हरीवाल्यांचा नियम आहे. रणगाडा चाकांपर्यंत रुतला तर ओढायला त्याच्या वजनाएवढा जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतला तर दुप्पट, टरेटपर्यंत, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजापर्यंत, गेला तर तिप्पट. याचा रणगाडा मडगार्डपर्यंत गेलाय, म्हणजे ९० टन. सरळ ओढलं तर ४०. एक पुली लावली तर ८०, तरी कमीच. दोन पुल्या लावल्या की १२० आणि काम झालं. पण मग दोर तिप्पट गुंडाळावा लागतो, म्हणून त्याने नियम केलाय की एका डावात निघणारी गाडी आता तीन डावांत निघेल, आणि तेवढा वेळ दोन्ही गाड्या शत्रूच्या माऱ्याखाली उभ्या राहतील. खाली आणखी एक नियम. बर्गेपँथरच्या मागचा लोखंडी फाळ जमिनीत रोवला नसेल तर फासा टाकायचा. एक, दोन किंवा तीन पडलं तर ओढणारीच गाडी घसरत चिखलाकडे जाईल.

घर्षणाचा हिशोब त्याने धरलेला नाही, तो पुढे शिकेल. पण यांत्रिक लाभ हा धडा मी वीस वर्षांत शेकडो मुलांच्या तोंडून ऐकलाय. पुलीने जोर वाचतो तेव्हा वेळ जातो, ही गोष्ट कुणाला इतकी आतून कळलेली मी पाहिली नव्हती. त्याचे फिजिक्सचे ७८ कुठून आले, हे तुम्हाला कळलं का? ते या वहीतून आले.

पुढचं मी स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नका. पोराच्या हातचं काम जाळणं ही शिस्त नव्हे. तुम्ही चोवीस वर्षं शिस्तीत काढलीत, फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. आपल्या बेळगाव भागात दिवाळीला दारोदारी किल्ले होतात. पोरं गोणपाट, माती, अळीव घेऊन चार चार दिवस चिखलात बसतात, आणि आपण शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो, बुरूज किती छान झालाय म्हणून. तेच हात कार्तिक संपल्यावर पुठ्ठा कापायला लागले तर तो पसारा कसा होतो? आणि तुम्ही स्वतः पलटणीत सँड मॉडेलभोवती किती वेळा बसला असाल! वाळूत टेकड्या, सुतळीची नदी, खडूचे तुकडे म्हणजे शत्रूचे बंकर. साहेब छडीने दाखवतात, सेक्शन कमांडर ऐकतात. १८२४ साली प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी टेबलावरचा युद्धखेळ अधिकृतपणे घेतला, तेव्हापासून जगभरचं सैन्य हेच करत आलंय. तुमचा मुलगा दिवाणावर तेच करतो. एनडीएच्या लेखीनंतर जी पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडायची मुलाखत, असते, तिथेही ग्रुप प्लॅनिंग एक्सरसाइजमध्ये असाच प्रसंग समोर मांडून विचारतात की माणसं इतकी, वेळ इतका, आधी काय कराल.

तुमच्या पत्रातला एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा. तुम्ही लिहिलंय, "टँक केले असते तरी समजलं असतं, हा क्रेनवाल्या गाड्या करतो, उद्या गॅरेज टाकणार काय?" हवालदारसाहेब, आपल्याकडे लढणारा मोठा आणि वाट करून देणारा लहान, असं एक चुकीचं गणित बसलंय. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर पलटणीत, शिपाई म्हणून भरती झाले आणि पुढे अधिकारी झाले. एप्रिल १९४८मध्ये काश्मीरच्या लढाईत नौशेरा–राजौरी रस्त्यावर ते जखमी असतानाही सुरुंग काढत आणि आडवी पाडलेली झाडं हटवत रणगाड्यांच्या पुढे राहिले. त्यांच्यामुळे रणगाडे राजौरीला पोहोचले. त्यांना परमवीर चक्र मिळालं ते या कामासाठी. रुतलेला रणगाडा ओढून आणणं हे ईएमईचं, म्हणजे सैन्याची यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरचं काम, आणि त्या कोअरमध्ये लेफ्टनंटपासून लेफ्टनंट जनरलपर्यंत अधिकारी आहेत. शत्रूलाही या गाड्यांची किंमत कळते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-३१ या रिकव्हरी गाडीवर खोटी तोफ बसवलेली असे, लांबून ती रणगाडाच वाटावी म्हणून. तुमच्या मुलाने त्यावरही नियम केलाय. दोन फुटांपलीकडून समोरच्याने विचारलं तर "टँक आहे" एवढंच सांगायचं.

आणि ही आवड आली कुठून? तेही तुम्हीच लिहिलंय, जाता जाता. तुमची शक्तिमान, म्हणजे पलटणीचा ट्रक, रात्री पावसात नाल्यात कलंडली होती, ईएमईची गाडी आली, पहाटेपर्यंत दोर लावून त्यांनी ती वर काढली, आणि ही गोष्ट तो लहानपणी रोज झोपताना मागायचा. त्याने बंदूकवाला मागितला नाही, दोर लावणारा मागितला. तो गोष्ट तुमचीच खेळतोय.

आता गुण. केमिस्ट्रीचे ३९ आणि इंग्रजीचे ४६ यांत रणगाड्यांचा काही दोष नाही. पोरगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता. जूनमध्ये वर्ग बदलला आणि संयुजेची व्हॅलन्सी झाली, आम्लाचं ॲसिड झालं, आणि शिकवणारे इंग्रजीत आणि मध्ये कन्नडमध्ये बोलतात. सीमाभागातल्या प्रत्येक मराठी पोराला पहिलं वर्ष हा चढ असतो. फिजिक्स आणि गणितात त्याला आकृती आणि आकडे सांभाळून घेतात, केमिस्ट्रीत शब्दच नडतात. यावर उपाय साधा आहे. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, अशी दोनशे शब्दांची वही, रोज दहा. खानापूर–बेळगाव बसच्या प्रवासात होऊन जाईल. केमिस्ट्रीची शिकवणी लावायचीच तर अशा शिक्षकाकडे लावा, जो अडलं की मराठीत सांगेल. पुण्याला पाठवायचा विचार आत्ता अजिबात नको. जो मुलगा घरात बोलायचा बंद झालाय त्याला हॉस्टेलवर पाठवलं तर तो तिकडेच गप्प राहील.

वाटा थोडक्यात सांगते. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीनंतरची टेक्निकल एंट्री पीसीएमला ६० टक्के आणि जेईई मेन्सवर, आणि त्याच्यासारख्याला मी ती आधी सुचवेन. केसीईटी या कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेने मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जाऊन पदवीनंतर सैन्याच्या टेक्निकल शाखेत जाता येतं. सैन्यात नाही गेला तरी हे काम संपत नाही. पुण्याजवळ दिघीला डीआरडीओची जी प्रयोगशाळा आहे तिथे सैन्याचे पूल तयार होतात. ट्रकवर घडी घालून नेता येणारा, पाच तुकड्यांत मिळून ७५ मीटरपर्यंत जाणारा 'सर्वत्र' पूल तिथलाच. आपल्याच कर्नाटकातल्या बीईएमएल या कंपनीने पोलंडचं तंत्रज्ञान घेऊन सैन्यासाठी रिकव्हरी गाड्या बांधल्या आहेत.

एक वाट मात्र तुमच्या घरापासून तासाभरावर आहे. एखाद्या शनिवारी त्याला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत घेऊन जा. बेळगावचं नाव हायड्रॉलिक्स आणि फाउंड्रीसाठी देशभर आहे. रिकव्हरी गाडीचा फाळ आणि क्रेन ज्या सिलिंडरवर उचलतात, तसले सिलिंडर तिथे बनताना त्याला बघू द्या. मग पॅटर्न शॉपमध्ये न्या. ओतीव लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करतात, बहुतेकदा लाकडी. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न शेकडा एक टक्क्याच्या आसपास मोठा ठेवावा लागतो. ते काम करणारा माणूस हातात पट्टी घेऊन काय बघतो, हे तुमच्या मुलाला न सांगता कळेल. तिथेच जीटीटीसीचं, म्हणजे सरकारी टूल रूमचं, प्रशिक्षण केंद्र आहे. टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा दहावीवरही होतो. त्याने सायन्स सोडावं असं मी म्हणत नाही, पण हातात कसब असलेल्या मुलाला पर्याय एकच नसतो हे त्याला आणि तुम्हाला दिसलं पाहिजे.

मुलालाही दोन शब्द. बाळा, छोट्या रणगाड्यांवर घर चालवणारे लोक आपल्या देशात फार थोडे आहेत. खेळ आणि खेळणी डिझाइन करायचीच असतील तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पण त्याआधी पदवी लागते, आणि पदवीच्या आधी ही केमिस्ट्री. ३९ वरून ६० वर येणं तुला जमेल. ज्याने ९० टनांचा हिशोब लावला त्याला मोलचा हिशोब अवघड नाही. परीक्षेपर्यंत खेळ रविवारी, बाकी दिवस नाही. हे मी तुझ्या वडिलांच्या बाजूने सांगतेय, आणि तू ते पाळायचं आहेस.

हवालदारसाहेब, तुम्ही लिहिलंय की चोवीस वर्षं तुम्ही साहेबांना सॅल्यूट केला, आता एकदा पोराला कुणी केलेला बघायचा आहे. ही इच्छा वाईट नाही. पण ती तुमची आहे, आणि ती त्याच्या अंगावर घालताना तुम्ही त्याला विचारलेलं नाही. विचारा. तो नाही म्हणाला तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवून विचारा. हो म्हणाला तर टेक्निकल एंट्रीचा फॉर्म मी तुमच्यासोबत बसून भरेन.

त्याआधी या रविवारी दिवाणावर त्याच्या समोर बसा. बंबाचं चुकलं म्हणून सांगा, एका वाक्यात, तुमच्या पद्धतीने. मग त्याला त्या नाल्याची खोली सांगा, पावसाचा जोर सांगा, शक्तिमानमध्ये त्या रात्री किती सामान होतं ते सांगा, आणि ती बाहेर काढायला किती पुल्या लागल्या असतील हे त्याला काढू द्या. लाल पेन घरात ठेवू नका. वही मी स्पीड पोस्टाने परत पाठवतेय, त्याच्या नावाने.