हॉस्पिटलात क्वालिटीचं काम नवीन मिळालंय? आधी एवढंच करा

अभिनंदन, आणि घाबरू नका, सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो. पहिली चूक म्हणजे एकदम तीस-चाळीस इंडिकेटर (म्हणजे दर महिन्याला मोजायच्या गोष्टी) घेऊन बसणं. तसं करू नका, चार-पाचच घ्या: पेशंट पडणं, औषधाच्या चुका, कॅथेटरमुळे (शरीरात घातलेल्या नळीमुळे) होणारं इन्फेक्शन, हात धुणं, बस.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, नुसता आकडा कधीच सांगू नका, भागिले काय ते आधी ठरवा. समजा एका महिन्यात ३ पेशंट पडले आणि पुढच्या महिन्यात ५, तर सगळे म्हणणार वाढलं, पण पहिल्या महिन्यात १५०० पेशंट-दिवस (एक पेशंट एक दिवस ॲडमिट, म्हणजे एक पेशंट-दिवस) होते आणि दुसऱ्यात ३०००, म्हणजे दर १००० पेशंट-दिवसांमागे २ वरून १.७ वर आलं, कमीच झालं की! कॅथेटरच्या इन्फेक्शनला मात्र कॅथेटर-दिवस (ज्या पेशंटना कॅथेटर लावलाय त्यांचेच, तो असतानाचे दिवस) धरायचे, पेशंट-दिवस नाही, इथे बरेच जण चुकतात.

छोट्या हॉस्पिटलात आकडे उड्या मारतातच, एका महिन्यावरून मीटिंगमध्ये कोणाला धारेवर धरू नका. दर महिन्याचा एक बिंदू टाकून, मध्यक रेषा (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणाऱ्या आकड्याची रेषा) काढून ग्राफ ठेवा, सलग ६ बिंदू रेषेच्या एकाच बाजूला आले की मग बघा.

आणि सिस्टरने स्वतःहून चूक लिहून दिली तर आधी थँक्यू म्हणा हो, एकदा ओरडलात की फॉर्म येणंच बंद होतं. सुरुवातीला रिपोर्ट वाढले तर ते बहुतेक वेळा चांगलंच लक्षण असतं.

बेंचमार्किंग (इतर हॉस्पिटलांशी तुलना), रिस्क ॲडजस्टमेंट (पेशंट किती गंभीर होते ते धरून आकडे जुळवणं) वगैरे सहा महिन्यांनी बघू.