सोसायटीने फ्लॅटचं पाणी बंद केलं तर मालकाचा हक्क काय?

आधी पाणी सुरू करून घ्या, थकबाकीचा हिशोब नंतर. तुम्ही लिहिलंय की विक्रोळीला रिसेलमध्ये फ्लॅट घेतला, आधीच्या मालकाने दोन वर्षांचा मेंटेनन्स थकवला होता, तो तुम्ही भरावा म्हणून कमिटीने डक्टमधला (पाईप जातात त्या उभ्या पोकळीतला) तुमच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद केला आणि आज पाचवा दिवस आहे. मालक म्हणून पाण्यावर तुमचा हक्क आहे का, पालिकेकडून स्वतंत्र नळ मिळेल का, नाहीतर बोअर मारता येईल का, असे तीन प्रश्न आहेत तुमचे. पहिला महत्त्वाचा आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहिते.

मी भांडुपला आमच्या सोसायटीची अकरा वर्षं सेक्रेटरी होते. तुमच्या कमिटीने जे केलं ते आम्हीही एकदा केलंय, आणि त्या ठरावावर माझी सही आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाने चौदा महिने पैसे दिले नव्हते. पत्रं झाली, नोटीस बोर्डावर नाव लावून झालं. शेवटी कुणीतरी म्हणालं, पाणी तोडा, आठ दिवसांत पैसे येतील. डाऊनटेक, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाईप सगळ्या फ्लॅटना एकच, म्हणून प्लंबरने डक्टमध्ये उतरून त्यांच्या फाट्याला बूच मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या घरातल्या सत्तरीच्या आजी वॉचमनच्या केबिनजवळच्या नळावर बादली घेऊन उभ्या होत्या. लिफ्टने पाणी न्यायला आम्हीच मनाई केलेली, कारण लादी ओली होते. त्या जिन्याने चढल्या, दर मजल्याला बादली खाली ठेवत. मी खिडकीतून पाहिलं आणि खाली गेले नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

चौथ्या दिवशी त्यांच्या वकिलाचं पत्र आलं, तेव्हा कायदा काय आहे ते मला कळलं. १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, त्यात कलम १२-अ आहे. इमारतीचं व्यवस्थापन ज्याच्या हातात आहे, मग तो बिल्डर असो, कमिटी मेंबर असो की सेक्रेटरी, त्याला योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय फ्लॅटधारकाची अत्यावश्यक सेवा तोडता, रोखता किंवा कमी करता येत नाही. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई हे सगळं त्यात येतं. फ्लॅटधारक कोर्टात अर्ज करू शकतो, आणि कोर्ट पुरवठा पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकतं. त्याच संध्याकाळी आम्ही बूच काढलं.

तुमची कमिटी म्हणेल की थकबाकी हेच पुरेसं कारण आहे. त्याला उत्तर असं की थकबाकी वसूल करायला कायद्याने वेगळा रस्ता दिलाय. सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये पूर्वी हे कलम १०१ खाली व्हायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब-२९ आहे. सोसायटीने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, हिशोब दाखवायचा, वसुली दाखला घ्यायचा. त्यावर मालमत्तेची जप्तीसुद्धा होऊ शकते. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. एवढं सगळं हाताशी असताना नळाला हात लावायची गरजच काय? आमच्या त्या सभासदाचे पैसेसुद्धा शेवटी दाखल्यानेच आले. पाणी तोडून एक रुपया आला नव्हता.

तुम्ही फ्लॅटऐवजी पागडीच्या खोलीत भाडेकरू असतात, तरी घरमालकाला हे करता आलं नसतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये तेच संरक्षण आहे. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे १५ डिसेंबर २०१४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. पाणी हक्क समितीने पालिकेविरुद्ध लढलेल्या त्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, म्हणून झोपडी बेकायदा असली तरी त्या माणसाला पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही. ज्याच्या घराला कागद नाही त्यालाही जर पाणी द्यावं लागतं, तर नोंदणीकृत करारनामा असलेल्या तुम्हाला कमिटी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

मात्र एक समज दूर करते, कारण तुमच्या प्रश्नात 'माझं पाणी' असा शब्द आहे. फ्लॅटबरोबर पाण्याची मालकी विकत मिळत नाही. भातसा, तानसा, वैतरणेवरून शंभरेक किलोमीटर चालत आलेलं पाणी आपल्या टाकीत पडतं. इमारतीची जलजोडणी सोसायटीच्या नावावर, मीटर एक आणि बिलही एकच. पालिकेचं बिल थकलं तर जोडणी तोडायचा अधिकार १८८८ च्या महापालिका कायद्याने आयुक्तांना दिलाय, सेक्रेटरीला नाही. सोसायटी ते बिल सभासदांत वाटते, आणि आदर्श उपविधींप्रमाणे ही वाटणी फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यावर होते, घरात माणसं किती यावर नाही. तुमच्या घरी माणसं जास्त म्हणून जास्त पैसे मागत असतील तर तेही तपासून घ्या.

म्हणूनच एका फ्लॅटला पालिका साधारणपणे वेगळा नळ देत नाही. त्यात वेळ घालवू नका.

बोअरचंही तसंच. १८८२ च्या ईझमेंट्स कायद्यात जमीनमालकाला आपल्या हद्दीतलं, ठरावीक प्रवाहात नसलेलं भूजल काढून वापरायचा हक्क मानलाय खरा. पण जमीन तुमच्या एकट्याची नाही. बोअर मारायची तर सोसायटीचा ठराव हवा आणि पालिकेची परवानगी हवी. मुंबईत विहिरीकडे पालिका आधी डासांच्या नजरेने पाहते, कारण मलेरियामुळे शंभर वर्षांपूर्वी या शहरातल्या कितीतरी विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. आणि ते पाणी फ्लशला, लादी पुसायला ठीक, स्वयंपाकाला नाही.

आता आज काय करायचं ते सांगते. सेक्रेटरीच्या नावे एक पानाचं पत्र लिहा : अमुक तारखेपासून पाणी बंद, घरात कोण कोण आहे (लहान मूल, आजारी, वयस्कर माणूस असेल तर नक्की लिहा), मोफाच्या कलम १२-अ चा उल्लेख, आणि चोवीस तासांत पुरवठा सुरू करावा ही मागणी. पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही करा. प्रत उपनिबंधकांना आणि स्थानिक पोलीस ठाण्यात द्या. पोलीस कदाचित म्हणतील की हा सोसायटीचा आपसातला मामला आहे. तरी प्रतीवर शिक्का घ्याच, पुढे कोर्टात तो उपयोगी पडतो. बंद व्हॉल्व्हचा तारखेसकट फोटो काढा. टँकर किंवा बाटल्या विकत घेत असाल तर पावत्या ठेवा. रागाच्या भरात स्वतः डक्टमध्ये उतरून व्हॉल्व्ह उघडू नका. तोडफोडीची उलट तक्रार झाली की तुमची बाजू विनाकारण पातळ होते.

त्याच पत्रासोबत, ताबा घेतल्या तारखेपासूनचा तुमचा स्वतःचा मेंटेनन्स चेकने भरा आणि 'हक्क अबाधित ठेवून' असं लिहा. मग निदान तुमच्या स्वतःच्या काळासाठी कमिटीला तुम्हाला थकबाकीदार म्हणता येत नाही. जुन्या दोन वर्षांसाठी करारनामा काढून बघा. आधीची सगळी देणी विकणाऱ्याने चुकती केल्याची हमी त्यात बहुतेक असतेच, तसं असेल तर त्यांना नोटीस पाठवा. शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर करताना सोसायटीने काही ना-हरकत किंवा नो ड्यूज दिलं होतं का, तेही शोधा. ते असेल तर कमिटीचा मुद्दा फार कमकुवत होतो. नसेल तर त्या रकमेचं ओझं फ्लॅटवर येऊ शकतं, म्हणून तो भाग वकिलाला दाखवल्याशिवाय सोडू नका.

दोन दिवसांत नळ सुरू झाला नाही तर वकिलामार्फत १२-अ खाली अर्ज करा आणि अंतरिम आदेश मागा. वकील सहकार कायद्यातलाच शोधा.

आणि पाणी आल्यावर पहिल्या दोन-तीन बादल्या प्यायला घेऊ नका. पाईप इतके दिवस कोरडा राहिला की गंज आणि गाळ सुटतो. तेवढं पाणी बाथरूम धुवायला वापरा, नळ स्वच्छ वाहायला लागला की मगच हंडा लावा. पत्राचा मसुदा जमत नसेल तर इथेच खाली लिहा, मी बघून देईन.